डावा गाल

तैलरंगाच्या वर्गात पहिल्या दिवशी रंग मिळतच नाहीत. मी नव्याकोऱ्या नळ्या पिशवीत घालून मिरवत गेले होते. आमच्या बाईंनी त्या सगळ्या बाजूला ठेवायला लावल्या आणि हातात एक चिंधी दिली. तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून अख्ख्या कॅनव्हासवर फासायचा आणि मग जिथे जिथे उजेड दिसतो तिथे तो चिंधीने पुसून काढायचा. समोर एक बरणी ठेवली होती. पुसता पुसता माझ्या बरणीचा भोपळा झाला. माझ्या शेजारी बसतात ते दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी बरणीचं तोंड इतकं कोरून कोरून पुसलं की बाईंनी त्यांना विचारलं, डॉक्टर, भूल तरी दिलीय ना तिला?

वर्ग म्हणजे बाईंच्या घरातली मागची खोली. एक मोठी खिडकी, खाली रंगाचे थर चढून कडक झालेली सतरंजी, कपाटावर भिंतीला टेकवून वाळत ठेवलेली चित्रं. शनिवारी सकाळी मी तिथे जायचे, तेवढा वेळ भिंगरीला सासूबाई सांभाळायच्या. भिंगरी म्हणजे माझी मुलगी. नुकतीच पळायला लागली होती. चालणं तिने मध्ये गाळलंच. वर्गाला जा म्हणून माझ्या मागे लागल्याही सासूबाईच. भिंगरी अगदी तान्ही असताना मी एकदा न्हाणीघरात नळ सोडून रडत बसले होते. त्यांनी तो नळ ऐकला. मला एका शब्दाने विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी वर्गाच्या जाहिरातीचं कात्रण फ्रिजवर होतं, आणि शनिवारी सकाळी तू मला घरात दिसायची नाहीस, असं त्यांनी बजावलं.

मी त्यांना आईच म्हणते.

वर्ग सुरू होऊन थोडे महिने झाले असतील, नणंदेचा फोन आला की तिला जुळं होणार आहे. ती इतकी लांब राहते की तिच्याकडे जायचं म्हणजे कपाटातल्या वरच्या फळीवरच्या बॅगा काढाव्या लागतात. आईंनी वर्षभर तरी तिकडे राहायचं ठरलं. माझा नवरा म्हणाला की इथे नात एक, तिकडे नातवंडं दोन, म्हणजे निवडणूक आपण हरलोच. आई हसल्या. पण दुपारी भिंगरीला मांडीवर थोपटत असताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी परत येईन तेव्हा ही मला ओळखायची नाही."

मी म्हटलं, रोज फोनवर दिसालच की. तर म्हणाल्या की फोनमध्ये त्यांचं नुसतं कपाळ आणि छत दिसतं, हे सगळ्या घराला माहीत आहे. ते खरंच होतं. त्यांना घरात, भिंतीवर, रोज येता-जाता दिसेल असं स्वतःचं काहीतरी मागे ठेवून जायचं होतं. आणि ठेवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. आमच्या घरात एवढे आल्बम आहेत, पण त्यात आई नाहीत. कारण कॅमेरा नेहमी त्यांच्याच हातात. चला, सगळे उभे राहा, मी काढते, असं म्हणून त्या गेली तीस-पस्तीस वर्षं फोटोबाहेर राहिल्या आहेत.

त्यांच्या डाव्या गालावर कोडाचा डाग आहे. डोळ्याखाली सुरू होतो आणि हनुवटीच्या कडेपर्यंत उतरतो. घरात हा शब्द कुणी उच्चारत नाही; बंदी नाही, पण उच्चारत नाही. नवऱ्याने मला लग्नाआधी सांगितलं होतं की शाळेतल्या एका मुलाने विचारेपर्यंत त्याला तो दिसलाच नव्हता. आईचा गाल असाच असतो, अशी त्याची समजूत. आई केस डाव्या बाजूने पुढे सोडतात. सोफ्यावर नेहमी डाव्या टोकाला बसतात, म्हणजे तो गाल भिंतीकडे राहतो. नोकरीही त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. तिथे लोक आवाज बघतात, असं त्या एकदा बोलता बोलता म्हणाल्या होत्या आणि लगेच उठून आत गेल्या होत्या.

"तू शिकतेयस ना? मग तूच काढ माझं चित्र," त्या म्हणाल्या. "फक्त उजवीकडून."

मी बरं म्हटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं.

भिंगरी दुपारी झोपते तेवढाच वेळ आमच्या हातात असायचा. स्वयंपाकघराच्या दारात आई खुर्चीवर बसायच्या, उजवा गाल माझ्याकडे करून. मी बाईंनी शिकवलं तसं सगळं केलं. आधी पातळ तपकिरी थर. मग डोळे किलकिले करून बघायचं, म्हणजे नाक-डोळे विरघळतात आणि नुसते उजेडाचे आणि सावलीचे तुकडे उरतात. तेवढेच तुकडे मांडायचे. पापण्या मोजत बसायचं नाही. मग थर चढवत जायचं. त्याचा नियम बाईंनी आमच्याकडून घोकून घेतला आहे: खालचा थर रोड, वरचा लठ्ठ. म्हणजे खाली टर्पेंटाइन जास्त, आणि वर वर येऊ तसं तेल वाढवायचं. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा मागाहून आक्रसतो आणि चित्राला भेगा पडतात.

रोड थर झाला. लठ्ठ थराच्या दिवशी भिंगरी लवकर उठली, धावत आली आणि निळ्या नळीवर झेपावली. तिला उचलताना माझंच कोपर लागून जवसाच्या तेलाची बाटली आडवी झाली. फरशी अशी चकाकली की विचारू नका. आईंनी फरशी पुसली, भिंगरीला कडेवर घेतलं आणि आतल्या खोलीत जाऊन तिला खिडकीतून गाड्या दाखवायला लागल्या. थोड्या वेळाने तिथूनच ओरडून विचारलं, बसू का परत?

दुकान लांब होतं. आईंच्या बॅगा पलंगावर उघड्या पडल्या होत्या. रंग पॅलेटवर काढून झालेले. आणि समोर फळीवर भिंगरीच्या मालिशच्या तेलाची बाटली. बदामाचं, शुद्ध, आईंनीच चांगल्या दुकानातून आणलेलं. मी मनात म्हटलं, तेल ते तेल. जवस काय, बदाम काय, उलट बदाम भारीच.

आणि काय सांगू, रंग लोण्यासारखे झाले. माझ्या हातून आजवर जे जमलं नव्हतं ते जमायला लागलं. सावली उजेडात कुठे मिसळते ते कळू नये इतकी मऊ मिसळली. गाल गोल झाला, ओठांच्या कोपऱ्यात आईंचं ते अर्धं हसू आलं. संध्याकाळी नवरा घरी आला आणि चपला न काढता चित्रासमोर उभा राहिला. म्हणाला, आई, तू तर माझ्या बायकोपेक्षा तरुण दिसतेयस. मी त्याच्याकडे बघितलं, पण मला रागही आला नाही, इतकी मी खूश होते. आई चष्मा लावून खूप वेळ बघत राहिल्या. छान आहे, म्हणाल्या. मग परत एकदा, छान आहे गं.

चित्र कपाटावर वाळत ठेवलं. बाईंच्या हिशेबाने आठवडाभरात हात लावण्यापुरतं वाळायला हवं होतं. मी रोज कडेला बोट टेकवून बघायचे आणि रोज बोटाला आईंचा थोडा गाल लागायचा. दुसरा आठवडा गेला. चित्रावर धूळ बसली, माझा एक केस चिकटला, हनुवटीखालचा रंग हळूच खाली ओघळायला लागला. शेवटी ते खोक्यात घालून, वर काही टेकू नये म्हणून दोन्ही हातांत ताटासारखं धरून मी वर्गात नेलं.

बाईंनी आधी ते लांबून पाहिलं आणि भुवया वर केल्या. मला वाटलं, आता शाबासकी. त्यांनी करंगळी टेकवली, करंगळीकडे बघितलं, मग ती नाकाशी नेली.

"याला बाळाचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनीही वाकून वास घेतला आणि त्यांना दुजोरा दिला. नुकतंच न्हाऊमाखू घातलेल्या बाळाचा. खोलीभर हशा झाला. मी काय केलं ते सांगितल्यावर आणखी झाला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला खिडकीशी नेऊन शांतपणे समजावलं की तैलरंग पाण्यासारखे उडून वाळत नाहीत. जवसाचं तेल हवेतलं काहीतरी ओढून घेतं आणि घट्ट होत जातं, म्हणून तर ते वापरायचं. बदामाचं तेल कितीही शुद्ध असो, जन्मभर तेलच राहतं. हे चित्र पुढच्या वर्षीही ओलंच असेल. ते भिंतीवर लावता येणार नाही, गुंडाळता येणार नाही, त्यावर दुसरा थर देता येणार नाही. खरवडून टाका, म्हणाल्या, आणि तो कॅनव्हास सरावाला ठेवा.

मी त्यांना आईंच्या जाण्याचं सांगितलं. बाईंनी विचार केला. मग अस्तर मारून, तपकिरी थर देऊन वाळवलेला स्वतःचा एक छोटा बोर्ड माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या की आता थर-बिर विसरा, एका बैठकीत करा. रंग पातळ ठेवा, तेल जवळजवळ नकोच. सकाळच्या उजेडात बसवा, खिडकीशी. उजेड हलायच्या आत संपवा.

घरी येताना मी वाटेत तीनदा वाक्य जुळवलं आणि दारात पाऊल टाकल्यावर ते विसरले. आई भिंगरीचे कपडे घडी करत होत्या. मी खोकं खाली ठेवलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. त्या ऐकत राहिल्या, एक झबलं हातात तसंच. म्हणाल्या, तेल मीच आणलेलं ना. जसा काही त्यांचाच दोष.

मी पॅलेटचा सुरा घेतला, चित्र मांडीवर घेतलं आणि बसून राहिले. वर्गातली चुकलेली बरणी पुसून टाकताना मला काहीच वाटलं नव्हतं. पण हा चेहरा होता, तो माझ्याकडे बघत होता, आणि तो चेहरा ज्यांचा त्या समोर बसल्या होत्या.

"आण इकडे. तुझा हात नाही चालायचा."

त्यांनी झबलं बाजूला ठेवलं, माझ्या हातातून सुरा घेतला आणि करपलेलं भांडं खरवडावं तसा सपाट धरून गालापासूनच सुरुवात केली. तो गुळगुळीत गाल एका ओढीत सुऱ्यावर आला. त्यांनी तो वर्तमानपत्राला पुसला. मग कपाळ. काम चालू ठेवूनच बोलल्या, आवाज अगदी भाजी निवडताना बोलतात तसा.

"तू कपाटावर ठेवलंस ना, तेव्हापासून मी रोज हिला कडेवर घेऊन दाखवत होते. ही बघ आजी, ही बघ आजी. एकदाही बघितलं नाही तिने त्याच्याकडे. माझ्याचकडे बघायची, आणि इथे हात लावायची." त्यांनी सुरा धरलेल्या हाताच्या मनगटाने डावीकडचे केस मागे सारले. "मला वाटलं लहान आहे, चित्रातलं काय कळतंय तिला. पण मग मीही नीट बघितलं. छान बाई होती ती."

होती, असं म्हणून त्यांनी राहिलेलं नाक काढून टाकलं.

मग म्हणाल्या, "उद्या खिडकीकडे हा गाल करून बसते. जमेल ना तुला?"

मला जमेल की नाही हे मला अजिबात माहीत नव्हतं. पण मी हो म्हटलं.

रविवारी नवरा भिंगरीला घेऊन बागेत गेला. तिची बाटली, टोपी, बदलायचे कपडे, सगळं आईंनीच भरून दिलं आणि हाकलल्यासारखं त्यांना बाहेर काढलं. मग आतल्या खोलीत गेल्या. आल्या तेव्हा केस मागे घट्ट बांधलेले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. खुर्ची त्यांनी स्वतःच उचलून खिडकीशी नेली.

इतकी वर्षं एका घरात राहून मी तो गाल बघितला नव्हता, हे मला बघायला लागल्यावर कळलं. मी सभ्यपणे त्याच्या कडेकडेने बघत आले होते. आता त्याची कड कुठून जाते ते शोधावं लागलं. डोळ्याखाली ती अगदी स्पष्ट होती, किनाऱ्यासारखी आत-बाहेर गेलेली. जबड्याकडे मात्र सुटी सुटी होत गेलेली, मधे मधे सावळ्या त्वचेचे ठिपके राहिलेले.

मी घाईत पांढरी नळी पिळली आणि तो रंग तसाच लावला. दिसला टूथपेस्टसारखा. चिंधीने पुसला. बाईंचं बोलणं आठवलं की चेहऱ्यात नळीतला पांढरा कधीच नसतो. प्रत्येक तुकड्याला विचारायचं, शेजाऱ्यापेक्षा तू उजळ की गडद, ऊबदार की थंड. मी विचारायला लागले. खिडकीजवळचा भाग गुलाबी होता, खालून रक्त दिसत असल्यासारखा, त्याला लाल आणि किंचित पिवळ्या मातीचा रंग लागला. खाली वळणावर तो करड्या हिरव्यात गेला. आणि जबड्याखाली, सावलीत, मी तीनदा डोळे किलकिले करून बघितलं: तिथे डाग उजेडातल्या कपाळापेक्षाही गडद होता. पांढरा म्हणतात तो डाग, सावळ्या कपाळापेक्षा गडद. मी तसा रंग लावला आणि गाल एकदम वळला, हनुवटीखाली गेला, खरा झाला.

आई बसल्या जागेवरून बोलत होत्या. डाग पहिल्यांदा नखाएवढा दिसला तेव्हा त्यांना वाटलं होतं की पीठ लागलंय, आणि त्या दिवसभर पुसत राहिल्या. औषधं झाली, मलमं झाली, कुणी काय, कुणी काय. एक्स्चेंजमधली एक मैत्रीण सोडली तर त्याबद्दल थेट कुणी बोललं नाही. ती मात्र म्हणायची, तुझ्या गालावर नकाशा आहे, कुठला देश ते तरी सांग. एवढं सांगून त्या हसल्या आणि मला म्हणावं लागलं, आई, हलू नका.

उजेड फरशीवरून सरकून भिंतीला लागला तेव्हा मी ब्रश खाली ठेवला. पाय बधिर झाले होते. मला चित्र पहिल्यापेक्षा कच्चं वाटत होतं. एक डोळा थोडा वर गेला होता. नाक बिघडलंच होतं, नाकाला वेळच उरला नव्हता. मी हे सगळं आधीच सांगून टाकलं, माफी मागितल्यासारखं. आई उठल्या, चष्मा लावला, पण चित्राकडे न जाता आधी माझ्या पॅलेटकडे आल्या.

"यातला डाग कुठला?"

मी ब्रशच्या मागच्या टोकाने दाखवायला लागले. हा गुलाबी, हा त्याच्या शेजारचा, हा हिरवट, हा सावलीतला, हे मधले दोन. त्या वाकून प्रत्येकाकडे बघत होत्या. पांढरा शोधत असाव्यात.

"एवढे लागले?"

"सगळ्यात जास्त तिथेच लागले, आई. कपाळ तर दोन रंगांत उरकलं."

त्या सरळ झाल्या. मग चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या, हात मागे बांधून. मी ब्रश धुवायला घेतले. ब्रश धुणं हे सोपं काम आहे. तळहातावर साबण घ्यायचा आणि फेस स्वच्छ येईपर्यंत गोल गोल घोळवायचं. फेस केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी मी घोळवत राहिले.

"नाक कुणाचं काढलंयस माहीत नाही," त्या मागून म्हणाल्या, "पण गाल माझाच आहे."

त्या गेल्या तेव्हा रंग जिथे जाड होता तिथे अजून थोडा चिकट होता, म्हणून चित्र कपाटावरच होतं. पण खिळा कुठे ठोकायचा ते त्यांनी जायच्या आदल्या दिवशी ठरवलं. नवरा माणसांच्या उंचीवर पेन्सिल धरून उभा होता. त्यांनी त्याला खाली, खाली, आणखी खाली आणलं, सोफ्याच्या हाताइतकं खाली. एवढ्या खाली चित्र कोण लावतं, त्याने विचारलं. तर म्हणाल्या, बघायचं कुणाला आहे? तुला?

आता ते तिथेच आहे. भिंगरी झोपली आहे तोवर त्याच्याचसमोर बसून हे लिहिते आहे. जुळी आली, दोघंही ठणठणीत, आणि आईंचा फोन रोज येतो. अजूनही कपाळच जास्त दिसतं, पण परवा एकदा अख्खा चेहरा आला, केस मागे बांधलेले, दोन्ही खांद्यांवर एकेक बाळ, आणि फोन धरायला नणंद. त्या रोज एकच विचारतात. मग मी भिंगरीला विचारते, आजी कुठे? ती कधी चित्राकडे जाते आणि गालावर पंजा ठेवते. कधी दाराकडे बोट करते, जिथून आई बॅगा घेऊन गेल्या.

मी दोन्ही सांगते. दाराकडचं ऐकलं की आई फोन आणखी जवळ आणतात आणि पुन्हा नुसतं कपाळ दिसतं. मग म्हणतात, परत विचार तिला.